खुब्याचं अपेंडिक्स

ऑपरेशन माझ्या उजव्या खुब्याचं झालं, पण सगळ्या गणगोतात माझं अपेंडिक्स काढलं असं जाहीर झालं. हा बदल ऑपरेशन थिएटरमध्ये झाला नाही, थिएटरबाहेरच्या बाकावर झाला. तो माझ्या आत्यानं केला, आणि भूल न देता केला.

मी खो-खो खेळते. खो-खो हा पळण्याचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो रस्त्यावरून जाता-जाता पाहिलेला असतो. खरा खेळ बसण्याचा आहे. मधल्या पाटीत उकिडवं बसायचं, मागून खो आला की त्याच बैठकीतून उसळून पळत सुटायचं, पुन्हा जागा मिळाली की पुन्हा बसायचं. शाळेपासून मी हेच केलं. शेवटी खुब्यातून कळ यायला लागली. खो-खोचे सर म्हणाले, बर्फ लाव. आई म्हणाली, लोणचं बंद कर. शेजारच्या काकूंनी वात असल्याचं निदान केलं आणि एरंडाची पानं आणून दिली. सगळ्यांचे उपाय करून झाल्यावर, म्हणजे उशीर झाल्यावर, आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की खुब्यात एक वाटी असते, तिच्यात मांडीच्या हाडाचा गोळा फिरतो, आणि माझ्या वाटीची मऊ कड फाटलेली आहे. दुर्बिणीनं ती शिवता येईल. पप्पांनी एकच विचारलं, "ती परत उकिडवी बसंल का?" डॉक्टर म्हणाले, नियम पाळले तर बसेल. मग त्यांनी ऑपरेशननंतरच्या काही महिन्यांचे नियम सांगितले. कुबड्यांशिवाय चालायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, कमरेतून खाली वाकायचं नाही. म्हणजे मराठी माणूस घरात ज्या ज्या रीतीनं बसतो आणि मोठ्यांपुढे ज्या रीतीनं नम्र होतो, ते सगळं मला बंद झालं. मला आनंदच झाला. तो फार टिकला नाही, कारण गावाहून, म्हणजे पिशोरहून, आत्या आली.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. पप्पा तिला अक्का म्हणतात आणि तिच्यासमोर "बरं अक्का" याखेरीज फारसं काही म्हणत नाहीत. ऑफिसात ते चांगले तावातावानं बोलतात म्हणे, पण ते आम्ही कधी पाहिलेलं नाही. आत्या आली ती शेतातलं आलं भरलेली पिशवी घेऊन. आमच्याकडे कुणी जन्मलं, वारलं, पास झालं किंवा नापास झालं, तरी पिशोरहून आलंच येतं. दवाखान्याचा जिना ती कठड्याला धरून हळूहळू चढली आणि वर आल्याआल्या म्हणाली, "चप्पल चावती बाई." आत्याला चप्पल चावते हे आमच्या घरात सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं होतं. ती शहरात आली की गुलमंडीतून नवी चप्पल घ्यायची, आणि पुढच्या वेळी तीही चावायची. पप्पा दर दिवाळीला तिला चप्पल देतात. गुलमंडीतले चपलांचे दुकानदार लबाड आहेत असं आमचं सर्वांचं मत होतं.

बाकावर बसल्याबसल्या आत्यानं आईला विचारलं की लोकांना काय सांगितलं. आई म्हणाली, अजून काही नाही. आत्यानं सुस्कारा सोडला. तिनं माझ्यासाठी एक स्थळ बघून ठेवलं होतं. कन्नड गावाकडची माणसं, चार एकर बागायत, मुलगा वाळूजला कंपनीत. फोटो पसंत पडला होता. "खुबा म्हणलं की लोकं लगीच बाळंतपणावर जातेत," आत्या म्हणाली. "पोरीची जात हाय. कमरंखालचं काय बी झालं तरी ते सांगायचं नसतं."

मग कोणता आजार सांगावा यावर तिथंच विचारविनिमय झाला. ताप सांगितला तर चार दिवसांत उतरतो. टायफॉईड सांगितला तर केस गळतात, ते स्थळाला चालणार नाही. हात मोडला म्हणावं तर हाताला प्लास्टर कुठून आणायचं? शेवटी आत्याला अपेंडिक्स सुचलं. अपेंडिक्स हा खानदानी आजार आहे. तो कुणालाही होतो, त्यात कुणाचा दोष नसतो, एकदा काढलं की विषय संपला, आणि काढल्यावर माणसाचं काही कमी झालं असं कुणी म्हणत नाही. पप्पा "बरं अक्का" म्हणाले. आत टेबलावर डॉक्टर माझी वाटी शिवत होते आणि बाहेर माझं पोट कापून झालं होतं.

घरी, गारखेड्याला आल्यावर खरा त्रास सुरू झाला. आमच्या लोकांत आजाऱ्याला भेटायला जावंच लागतं. न गेलेला माणूस तीन लग्नांपर्यंत लक्षात ठेवला जातो. म्हणून लोक आजाऱ्याला भेटायला येत नाहीत, हजेरी लावायला येतात. हातात मोसंब्या किंवा बिस्किटं घेऊन येतात, चहा पितात, आपल्या ओळखीतला याच आजारानं दगावलेला माणूस आठवतात, आणि आजाऱ्याला हसतमुख राहायला सांगून जातात.

बेल वाजली की आमच्या घरात कवायत व्हायची. आई माझ्या कुबड्या काढून घ्यायची, जुन्या चादरीत गुंडाळायची आणि हॉलमधल्या दिवाणाखाली सरकवायची. मी दिवाणावर आडवी होऊन पोटावर हात ठेवायची. एकदा घाईत डाव्या बाजूला ठेवला, तर खुलताबादचे एक लांबचे काका म्हणाले की अपेंडिक्स उजवीकडे असतं. आत्या शांतपणे म्हणाली, "हिचं सरकलं व्हतं. म्हणून तर लवकर काढावं लागलं." काकांनी गंभीरपणे मान डोलावली. पुढे हे सरकलेलं अपेंडिक्स खुलताबादेत बरंच गाजलं असं ऐकलं.

जेवणाचं तर विचारू नका. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कड भरून यायची तर अंडी, दूध, डाळी भरपूर खा. पण पोटाचं ऑपरेशन झालेल्या मुलीला अंडी कशी देणार? पाहुण्यांसमोर मला मुगाची पातळ खिचडी मिळायची. पाहुणे गेले की आई आतल्या खोलीत दार लावून मला उकडलेली अंडी द्यायची आणि वास जावा म्हणून उदबत्ती लावायची. अंड्याला उदबत्ती ओवाळणारं आमचं बहुधा एकच घर असेल.

धोका फक्त एका माणसाकडून होता, तो रिक्षावाल्या चाचांकडून. ते मला व्यायामासाठी फिजिओथेरपीच्या बाईंकडे नेत आणि आणत, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक होतं. एके दिवशी पिशोरच्या दोन चुलत्या फाटकातच उभ्या होत्या आणि चाचांनी मोठ्यानं विचारलं, "अब टांग कैसी है बेटा?" चुलत्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या डगमगली नाही. दुखणं पोटातून पायात उतरलंय, असं तिनं सांगितलं. दोघींनाही हे पटलं, कारण दोघींच्या पोटातली दुखणी आधीच कुठे ना कुठे उतरलेली होती.

पण आत्यानं आजार निवडताना एक चूक केली. अपेंडिक्स फार लवकर बरं होतं. अपेंडिक्सला किती दिवस लागतात हे आमच्या गावात पोराटोरांनाही पाठ आहे. ते झालेली बाई पंधरवड्यात खुरपायला जाते. माझा खुबा मात्र कुबडीवरून उतरायला तयार नव्हता. मुदत संपल्यावर लोक विचारू लागले की पोरगी अजून झोपूनच कशी. आत्यानं टाक्यांत पू करून थोडे दिवस मिळवले. ते संपल्यावर काहीच उरलं नाही. मग मला उठून दाखवणं भाग पडलं. बेल वाजली की मी कुबड्यांशिवाय आतून हॉलपर्यंत चालत यायची, हसायची, आणि मोठ्या माणसांच्या पाया पडायची. पाय ज्यांचे होते ते औक्षवंत हो म्हणायचे. खुबा काय म्हणायचा ते मी दात आवळून ऐकायची.

फिजिओथेरपीच्या बाई मला आरशासमोर उभं करून चालणं बघायला शिकवत होत्या. खुबा कमजोर असला की पाऊल टाकताना कंबर दुसऱ्या बाजूला पडते, आणि ते लपवायला माणूस खांदा झुकवतो. मला त्याचं वेडच लागलं. सिग्नलला रिक्षा थांबली की मी रस्ता ओलांडणाऱ्यांच्या कमरा बघत बसायची. कुठल्या सासूनं सुनेला असं बघितलं नसेल. पण माझी स्वतःची कंबर मात्र दिवसेंदिवस जास्तच पडत चालली होती.

एकदा पप्पा माझ्याबरोबर आले होते. बाईंनी पाय वळवला आणि मी किंचाळले. त्यांनी हात काढला आणि विचारलं, "घरी काय करतेस तू?" मी पप्पांकडे पाहिलं. पप्पा भिंतीवरच्या हाडांच्या तक्त्याकडे पाहत होते. बाई म्हणाल्या की असंच चाललं तर शिवलेली कड उसवेल, दुसरं ऑपरेशन लागेल, आणि मग खेळाचं नावही काढायचं नाही.

रिक्षात मी रडले. आधी हळू, मग चाचांनी आरसा दुसरीकडे फिरवला इतकी. मी पप्पांना म्हटलं की मला लग्नाचं काही वाटत नाही, झालं तर झालं, पण मला पाटीत बसायचंय. पप्पा म्हणाले, "बरं." हे तेच बरं होतं जे ते आत्याला म्हणतात, त्यामुळे मी त्याच्यावर काही विसंबले नाही.

आणि त्याच आठवड्यात स्थळ आलं. रीतसर बघायला नव्हे. आजारी मुलीला भेटायला म्हणून आले, म्हणजे नकार द्यायचा झाला तर मोसंब्यांवर भागतं. मुलगा, त्याची आई, वडील आणि मामा. मुलगा मान खाली घालून मोबाइलकडे बघत होता, त्याच्याबद्दल मला आणखी काही सांगता येणार नाही. मुलाच्या आईनं खुर्ची नाकारली. आम्ही साधी माणसं, असं म्हणून त्या फरशीवर सतरंजीवरच बसल्या. साध्या माणसांचा मला तेव्हापासून धसका आहे.

आत्यानं मला आत तयार केलं होतं. चहाचा ट्रे घेऊन जायचं, सगळ्यांच्या पाया पडायचं, मग सतरंजीवर त्यांच्याशेजारी मांडी घालून बसायचं, त्या कुंकू लावतील. एवढंच. "पाच मिन्टं सोस," आत्या म्हणाली. "मी बी सोसलंय." कशाबद्दल म्हणते ते मी विचारलं नाही. बायकांनी सोसलेल्या गोष्टींची यादी मागायची नसते, ती संपेपर्यंत बस चुकते.

मी ट्रे घेऊन बाहेर आले. दारापासून सतरंजीपर्यंतची हॉलची फरशी मला पूर्ण मैदानाएवढी वाटली. मामांनी चालणं बघितलं. मुलाच्या आईनं तर उघडच बघितलं. मी ट्रे ठेवला. त्या सतरंजीवर हात थोपटत म्हणाल्या, "बस बाळा अशी. मांडी घालून ऐसपैस बस. आता काय, बरी झालीस ना?"

मला अजूनही आठवतं, मला राग आला नव्हता. मला भीती वाटली होती. मी गुडघा वाकवायला सुरुवात केली आणि खुब्यात काहीतरी ताणल्यासारखं झालं. मनात आलं, ही कड. ही आत्ता जाईल, आणि एक बाई तिच्यावर कुंकू लावेल.

तेवढ्यात पप्पा खुर्चीतून उठले. आम्हाला वाटलं, पाणी आणायला चाललेत. ते दिवाणापाशी गेले, पाहुण्यांसमोर सरळ फरशीवर पालथे झाले आणि दिवाणाखाली हात घालून चाचपू लागले. मुलाचे वडील पाय वर घेऊन बसले, त्यांना उंदीर असल्यासारखं वाटलं असावं. पप्पांनी चादरीचं गाठोडं बाहेर ओढलं, सोडलं आणि दोन्ही कुबड्या माझ्या हातात दिल्या.

"धर," ते म्हणाले. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "हिचा खुबा शिवलाय. खाली बसायला बंदी आहे. अपेंडिक्स जिथल्या तिथं आहे."

मग मुलाच्या आईनं विचारलं, "मग त्यो पू?"

आत्यानं चहाचा ट्रे पुढे सरकवला. पाहुण्यांनी चहा घेतला, कारण चहा टाकून उठणं आमच्यात असभ्य समजतात. मुलानं पहिल्यांदाच मान वर करून कुबड्यांकडे कुतूहलानं पाहिलं. दोन दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

पाहुणे गेल्यावर आत्या उठली. तिनं पिशवी भरली, राहिलेलं आलं ओट्यावर ओतलं आणि लुगड्याचा पदर खोचून निघाली. पप्पा दारात उभे होते. या वेळी त्यांनी "बरं अक्का" म्हटलं नाही. आईनं मला खुणावलं, जा, तू थांबव. मी कुबड्या टेकत तिच्या मागे गॅलरीत गेले. आत्या चप्पल घालून तरातरा चालत होती, म्हणजे तिच्या परीनं तरातरा. आणि मागून मला दिसलं. पाऊल टाकताना कंबर पडत होती. खांदा झुकत होता. आरशात मी रोज बघत होते तेच, फक्त चाळीस-पंचेचाळीस वर्षं मुरलेलं.

मी हाक मारली. ती थांबली, पण वळली नाही. मी म्हटलं, "आत्या, चप्पल काढून चाल बरं."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग वळून माझं तोंड बघितल्यावर तिला कळलं की चेष्टा नाही. तिनं चप्पल काढली, भिंतीशी ठेवली, आणि अनवाणी तीच चाल चालत माझ्याकडे परत आली.

"चप्पल नाय चावत मला," ती म्हणाली.

लहानपणी ती मक्याच्या गंजीवरून पडली होती. हाडं बसवणाऱ्यानं पाय ओढून बांधला, तो तसाच राहिला. बघायला येणाऱ्यांसमोर तिला आधीच नेऊन बसवायचे, म्हणजे चालावं लागत नाही. चहा दुसरंच कुणी द्यायचं. लग्न झालं. सासरी पहिल्याच दिवशी नवऱ्यानं विचारलं, का गं लंगडतीस? "काय सांगू? म्हणलं, चप्पल चावती नवी. तवापास्नं चावतीच हाय."

मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आलं की कुबड्यांवर उभं राहणं अवघड जातं. आत्यानं मला दंडाला धरलं. तिनं माझ्याशी जे केलं त्याबद्दल मला तिचा राग आला होता आणि तो मी गिळणार नव्हते. पण हेही कळलं की तिनं मला तिला माहीत असलेला एकमेव उपाय दिला होता. तो तिच्यावर लागू पडला होता. आयुष्यभर.

ती त्या दिवशी पिशोरला गेलीच. पण खरी बातमी तिच्याआधीच पोचली, आणि सगळे पुन्हा भेटायला आले. आता खुब्याला भेटायला. मोसंब्या नव्या, आलं नवं. खुलताबादच्या काकांना तर वाईटच वाटलं, सरकलेलं अपेंडिक्स त्यांनी फार ठिकाणी सांगितलं होतं. बेल वाजली की मी कुबड्यांवर जाऊन दार उघडायची. पाया पडायला सांगितलं की आई म्हणायची, डॉक्टरांनी बंदी केलीय, वरूनच नमस्कार घ्या. अंडी आम्ही हॉलमध्ये खाल्ली.

मग पुष्कळ महिने व्यायाम झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, तेच ते असतं आणि कंटाळवाणं असतं. एक दिवस बाई म्हणाल्या, बस. मी पलंगाच्या कडेला धरून हळूहळू खाली गेले आणि उकिडवी बसले. दुखलं नाही. बाईंनी नोंद करून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी तिथंच आणखी थोडी बसून राहिले.

पुढच्या हंगामात माझ्या जुन्या शाळेच्या मैदानावर आमचा पहिला सामना झाला. पप्पांनी रजा टाकली होती. आत्या न सांगता आली, पिशोरच्या एका बाईला सोबतीला घेऊन, पिशवीत आलं घेऊन. दोघी रेषेबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या. मी त्यांच्या बाजूच्या टोकाला पाटीत बसले होते, पाठ त्यांच्याकडे. आत्याचा आवाज एका शेतातून दुसऱ्या शेतात हाक मारण्यासाठीच घडलेला आहे, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

बरोबरच्या बाईनं विचारलं, "हीच ना गं ती अपेंडिक्सवाली?"

"नाय," आत्या म्हणाली. "खुब्याची." मग जरा थांबून म्हणाली, "माझाबी खुबाच हाय. हिनं शिवून घेतला. मी चपला घेतल्या."

मला मागं वळून बघायचं होतं, पण पाटीत बसलेल्या गड्यानं मागं बघायचं नसतं. मागून खो आला आणि मी उठले.

संध्याकाळी पप्पांनी आत्याला बसस्टँडवर सोडलं. वाटेत रिक्षात ती अनवाणी पाय सीटवर घेऊन बसली होती, आणि गुलमंडीत थांबायचं तिनं नाव काढलं नाही.